मधली चाल

चौसाळ्याच्या बुद्धिबळाच्या सामन्याचा शेवटचा डाव व्हायचा होता, आणि सकाळी चावडीच्या खोलीत सुंदरराव देशमुख पटापाशी मरून पडलेले सापडले. गळ्याभोवती लोकरीची दोरी.

दोरी बिभीषण धनगराची. डावही त्याच्याशीच होता. त्याला तिथल्याच खांबाला बांधून गाव पोलिसांच्या अमीनसाहेबाची वाट बघत होतं. अमीन आला की फास ठरलेला. निजामाच्या राज्यात धनगराचं कोण ऐकणार?

वकिली सोडून गुन्हे उकलत फिरणाऱ्या उत्तरेश्वरांबरोबर त्यांचा मदतनीस राधाकिशन सामना बघायला आला होता, प्रेत बघायला नव्हे.

"काल काय पाहिलंस?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"प्यादी एकेक घर सरकताना पाहिली. मुंगीसुद्धा कंटाळली असती."

"आणि आज?"

त्याने भीतभीत पटाकडे पाहिलं. लाल वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे होतं. बाकी लाल-हिरवी मोहरी जागच्या जागी.

बिभीषण म्हणाला, "दोरी माजी हाय, पर काल इथंच इसरून गेलतो. मालकानंच मला खेळ शिकवला. म्या कावून मारू त्यास्नी?"

सुंदररावांचा मेहुणा हरिबा डोळे पुसत होता. "माज्या पोराला दत्तक घेणार होते दाजी. आता कशाचं काय!"

पुतण्या त्रिंबक हैदराबादेतच वाढलेला. तो फणकारला, "काकांनी पहिली चाल केली आणि या रानटी माणसानं गळा आवळला. पट बघा ना!"

"बघतोय. राधाकिशन, दार लाव. तिघांनीही एकेक पहिली चाल करून दाखवा."

प्रेताशेजारी डाव! राधाकिशनने दार लावलं आणि तो तिथेच थांबला. हरिबाने प्यादं एक घर सरकवलं. खांबापासून सोडलेल्या बिभीषणानेही बांधल्या हातांनी एकच. त्रिंबकने वैतागून प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.

"एकदम दोन?"

"साहेबलोक असंच खेळतात."

"चौसाळ्यात नाही खेळत. इथे दोन घरं म्हणजे दोन चाली, आणि मध्ये हिरव्याची एक. हिरवं मोहरं तर एकही हललेलं नव्हतं. म्हणजे हा डाव झालाच नाही. काकांना मारून तुम्ही पट मांडलात, बिभीषणावर आळ यावा म्हणून. दत्तक आला असता तर वतन हातचं गेलं असतं."

त्रिंबक दाराकडे झेपावला. राधाकिशन दाराला पाठ लावून उभाच राहिला. शौर्य कसलं, भीतीने पायच हलेनात! तेवढ्यात हरिबाने मागून त्रिंबकला घट्ट धरलं. बाहेर अमीनाचा घोडा खिंकाळला.

मोकळा झालेला बिभीषण आधी पटापाशी गेला. लाल वजिरापुढचं ते प्यादं त्याने एक घर मागे घेतलं.

"मालक आसं कवाच खेळले न्हाईत," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.