कलेक्टरबाईंसमोर तीन मिनिटं

"वीस मिनिटं नाहीत आता. तीनच मिळतील," मंचाच्या पायरीशी उभा असलेला निळ्या शर्टातला सूत्रसंचालक मला म्हणाला.

एबिन माझ्या आयुष्यात आला तो असा.

मी जिन्सी, चेरुतुरुत्त बेटावरची नर्स. आमची संध्याकाळची शेवटची बोट बंद करायचं घाटत होतं. ती चालू ठेवा, हे कलेक्टरबाईंना पटवायला बेटानं मला किनाऱ्यावरच्या या सभेत पाठवलं होतं.

"आधीचे दोघे एवढे लांबले, त्यांना का नाही थांबवलंत?"

"एक माझ्या शाळेचे मुख्याध्यापक. दुसरे सासरे... म्हणजे, भावाचे."

"आणि तुमचे सासरे?"

"अजून शोधतोय," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

मला हसू आलं, पण ते मी दाबलं. पायरीवरच बसले आणि भाषणातून बेटाचा इतिहास गाळला. प्रवाशांचे आकडे, आभार — सगळं गाळलं. बोट जाऊ द्यायची नव्हती.

"काय राहिलं मग?" त्यानं वाकून विचारलं.

"सेलिनाम्मा," म्हणत मी माइकशी गेले.

"गेल्या पावसाळ्यात सेलिनाम्माला तिन्हीसांजेला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. शेवटच्या बोटीनं मी तिला इकडच्या इस्पितळात आणलं. ती बघा, मुलाला घेऊन बसली आहे. बाई, ही बोट बंद झाली तर पुढच्या बाईला मी कशानं आणू? माझा उरलेला वेळ तुमच्या उत्तरासाठी."

आणि मी तिथेच उभी राहिले. अध्यक्षांनी घंटेकडे हात नेला... एबिननं आधीच तिच्यावर तळवा ठेवला होता.

कलेक्टरबाईंनी सेलिनाम्माकडे पाहिलं, मग माइक जवळ ओढला. "बोट बंद होणार नाही. उद्या लेखी पाठवते."

संध्याकाळी त्याच बोटीत बसले, तर शेजारी तो. हातात केळ्याच्या गरम भज्यांचा पुडा.

"तुमचं घर तर इकडेच ना?"

"हो."

"परतीची बोट नाही आता."

"ठाऊक आहे. मावसभाऊ राहतो बेटावर." तो जरा थांबला. "तो निमित्तच आहे, जिन्सी."

धक्का मागे पडला. वाऱ्यानं माझी ओढणी त्याच्या हातावर उडाली — मी ती लगेच ओढली नाही.

"अप्पच्चन घ्यायला येतील मला. मुलीबरोबर हा कोण, विचारतील. काय सांगू?"

"आज नाव सांग," तो हळूच म्हणाला. "बाकीचं उद्या मी येऊन सांगतो."

मी पुड्यातलं एक भजं उचललं, मोडलं आणि अर्धं त्याला दिलं.