निनावी चिठ्ठी आणि छत्तीस भुईनळे

उर्मीने चौथ्यांदा बटण दाबलं. तारेचं वेटोळं लालभडक झालं, पण त्याला टेकलेला बांबू नुसताच काळा पडला. ज्वाळेचा पत्ता नाही.

"पेटत का नाही मेला!" उर्मी शिरस्त्राणातल्या शिरस्त्राणात पुटपुटली.

बांबू हरितगृहातला होता, महिनाभर वाळवलेला. शेजारी जुन्या अंतराळपोशाखात चिंध्या कोंबून केलेला एक बाहुला बसला होता. ही सगळी तयारी एडिथसाठी होती. एडिथ दोन वर्षांपूर्वी आईबरोबर इंग्लंडहून चंद्रावरच्या रोहिणी तळावर आली आणि उर्मीच्या संगतीने फाडफाड मराठी बोलू लागली. पण नोव्हेंबर लागला की ती गप्प होई. पाच तारखेला तिच्या गावात मोठी होळी पेटते आणि होळीवरचा बाहुला तिचे आजोबा करतात. "यंदा मी तुला इथेच होळी दाखवीन," असा शब्द उर्मीने भर वर्गात दिला होता. पाच तारीख तर परवावर आली!

उर्मी जन्मली चंद्रावर. तळावर उघड्या आगीला सक्त मनाई असल्यामुळे तिने आग पाहिली ती फक्त पडद्यावर. पडद्यावरच्या होळ्या नेहमी उघड्यावर पेटत, म्हणून तीही घुमटाबाहेर, उघड्यावर आली होती.

"ज्वलन म्हणजे पदार्थाचा ऑक्सिजनशी झपाट्याने होणारा संयोग," खडकोबा म्हणाला. खडकोबा म्हणजे दगडांचे नमुने गोळा करणारा यंत्रमानव. "इथे निर्वात (हवाच नसलेली जागा) आहे. लाकडाने संयोग करावा कुणाशी?"

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"तू विचारलं नाहीस."

उर्मी हटणारी नव्हती. "टाकीघरातून ऑक्सिजनची नळी बाहेर आणू. दहा मिनिटं फक्त."

"तो सगळ्यांचा श्वास आहे, उर्मी," शेजारी उभी असलेली एडिथ घाबरून म्हणाली.

"दहा मिनिटांनी कुणी मरत नाही. आणि खडकोबा, माझं नाव कुणाला सांगितलंस तर बघ!"

दुसऱ्या दिवशी उर्मी टाकीघरात नळीचा आटा फिरवत होती, एडिथ दाराशी पहारा देत होती. तेवढ्यात तोंडावर विजेरीचा झोत पडला.

"हात वर!"

तळाच्या प्रमुख परुळेकरबाई आणि त्यांच्यामागे उर्मीचे भाऊआजोबा. भाऊआजोबा तळावरचे रसायनशास्त्रज्ञ. बाईंच्या हातात एक चिठ्ठी होती. 'टाकीघरात धोका आहे. नीट शोध घ्या. – एक हितचिंतक.' चिठ्ठी दगडावर कोरलेली असल्यामुळे ती फार वेळ निनावी राहिली नाही.

आता रडू कोसळणार असं उर्मीला वाटलं. पण एडिथ चक्क हसत सुटली.

"हसतेस काय गं?" बाई कडाडल्या.

"बाई, हे हुबेहूब तसंच झालं! सोळाशे पाच साली लंडनमध्ये काही लोकांनी राजाला संसदेसकट उडवायचा कट केला. त्यांच्या पंथाचा छळ होत होता म्हणून ते चिडले होते. संसदेखालच्या तळघरात त्यांनी बंदुकीच्या दारूची छत्तीस पिंपं लपवली. पण एका सरदाराला निनावी पत्र आलं, 'संसदेत जाऊ नका.' मग शोध झाला आणि गाय फॉक्स नावाचा माणूस पिंपांसकट सापडला. राजा वाचला म्हणून लोकांनी त्याच संध्याकाळी होळ्या पेटवल्या. त्या अजून पेटतात, वर गाय फॉक्सचा बाहुला ठेवून. आणि संसदेच्या उद्‌घाटनाआधी पहारेकरी अजून कंदील घेऊन तळघर शोधतात."

"अजून? काही सापडतं का?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. तरी शोधतात!"

बाईंनी हातातल्या विजेरीकडे पाहिलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"आमच्या वेंगुर्ल्याकडे दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळतात," भाऊआजोबा म्हणाले. "तसलाच प्रकार. पण उर्मी, तळाचा श्वास चोरणं हा काही सण नव्हे."

"चुकलंच," उर्मी खाली मान घालून म्हणाली. "पण मी शब्द दिलाय, आजोबा. चंद्रावर काहीच पेटत नाही का?"

"लाकूड नाही. पण ती छत्तीस पिंपं इथेही पेटली असती."

"हवेशिवाय?"

"बंदुकीच्या दारूत कोळसा आणि गंधक असतात, ते जळतात. तिसरा असतो सोरा (एक पांढरा क्षार). त्याच्या कणाकणात ऑक्सिजन बांधलेला असतो, तापला की सुटतो. म्हणजे दारू आपली शिदोरी बरोबरच घेऊन निघते! फक्त निर्वातात गरम वायू भुर्रकन पळतात, म्हणून ती बारीक तोंडाच्या मजबूत नळीत ठासावी लागते."

"भुईनळा!" एडिथ ओरडली.

बाईंनी बराच विचार केला. "भाऊ, दारूला हात फक्त तुमचा. मुलं पन्नास मीटर लांब. आणि या दोघींनी महिनाभर टाकीघर झाडायचं."

पाच तारखेला सगळा तळ कड्याच्या काळ्याभोर सावलीत जमला. भाऊआजोबांनी भरलेले छत्तीस भुईनळे ओळीने उभे होते. बटण अर्थातच उर्मीने दाबलं.

सोनेरी ठिणग्या वर उसळल्या, चढल्या आणि चढतच राहिल्या. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, अडवायला वाराही नाही. घुमटाच्याही वर जाऊन त्या रेखीव कमानींनी संथ खाली वळल्या. छत्तीस झाडं, छत्तीस छत्र्या! पण आवाज? हवाच नाही, तर आवाज कशातून येणार? सगळीकडे चिडीचूप.

मग उर्मीच्या कानातल्या रेडिओवर एडिथचा बारीक आवाज आला, "धडाम!"

पाठोपाठ सगळा तळ ओरडू लागला, "सुर्रर्र! फट्! धडाम!" परुळेकरबाईंचा फटाका सर्वांत मोठा.

बाहुला जळाला नाही तो नाहीच. "यंदा गाय फॉक्स सुटला," एडिथ म्हणाली. "माझ्या आजोबांना सांगते, विश्वासच बसणार नाही त्यांचा!"

उर्मीचं लक्ष आकाशात होतं. "आजोबा, अग्निबाणाचंही असंच ना? तोही ऑक्सिजन बरोबर नेतो?"

"म्हणून तर आपण इथवर पोचलो."

"मग मंगळावरही भुईनळे लागतील."

"लागतील की. तू ने."

तेव्हापासून रोहिणी तळावर दर पाच नोव्हेंबरला परुळेकरबाई विजेरी घेऊन टाकीघर शोधतात. काहीच सापडत नाही, तरी शोधतात. आणि आदल्या दिवशी त्यांच्या दाराशी न चुकता एक दगड येऊन पडतो. निनावी.