राखणीचा कागद

वृषालीनं आधी त्याचे पाय पाहिले.

आता तुम्ही म्हणाल, एवढा उंचापुरा गडी समोर उभा, डोळे बघायचे सोडून ही पाय काय बघत बसली? पण तासाभरापूर्वी साळुबाईच्या हॉटेलात तिनं जे ऐकलं ते तुम्ही ऐकलं असतं ना, तर तुम्हीही पायच बघितले असते. भुताचे पाय उलटे असतात, हे लोणीसारख्या गावात वाढलेल्या पोरीला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. आणि हा मेला नेमका ओढ्यात उभा! पाण्यावर पानांचा खच. घोट्याखालचं काय कपाळ दिसणार?

तर झालं होतं असं. घोडेगावाहून भीमाशंकरकडे निघालेल्या जीपनं तिला वाडीच्या फाट्यावर सोडलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. धुकं मात्र असं उतरलेलं की दोन वाजलेत हे फक्त घड्याळालाच ठाऊक. चहा घेताघेता तिनं सहज विचारलं, "मावशी, जानकू कुठं भेटतील? देवराईचे राखणदार?"

कप विसळता विसळता साळुबाईचा हात थांबला.

"जानकू? पावणं, कुठल्या म्हणायच्या तुमी? जानकूला जाऊन सहा वर्सं झाली की."

"जाऊन... कुठं?"

"आता कुठं जात्यात माणसं? वर!" साळुबाईनं पत्र्याकडं बोट केलं. "पण राखण करतोय आजून. राईत जावा, भेटंल."

आणि हे सांगताना बाई हसलीसुद्धा नाही हो! वृषालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण गेली दोन वर्षं दर महिन्याला तिला या जानकूचा कागद येत होता.

लोणीहून वृषाली रोज पुण्यातल्या ज्या ऑफिसात जायची, तिथलं काम म्हणजे दुसऱ्यांच्या अहवालातलं खरं-खोटं बघणं. लोकांचे पैसे गुंतवणारी एखादी कंपनी म्हणाली, 'आम्ही जबाबदारीनं गुंतवतो, जंगल राखतो', तर नुसतं म्हणून भागत नाही. कुठलं जंगल, पाणी किती, राखणार कोण, हे दरवर्षी लिहून द्यावं लागतं. आणि ते खरं आहे अशी सही तिऱ्हाइतानं करायची. ही तिऱ्हाईत म्हणजे वृषाली. अशाच एका कंपनीनं ही देवराई आपल्या यादीत घेतली होती, आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात नाव होतं – जानकू. दोन वर्षं वृषालीनं खुर्चीत बसून कागद बघितले, फोटो बघितले आणि सही ठोकली. चुकलंच तिचं.

पण त्या कागदांनी भलतंच काही केलं होतं. बाकी सगळे लोक शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक' लिहून मोकळे होतात. हा लिहायचा, 'आज शेकरू दिसलं. माझ्याकडं बघून त्यानं तोंड वाकडं केलं.' एकदा पाण्याच्या रकान्यात आलं, 'घोट्याइतकं.' वृषालीनं शंका काढली, 'कुणाच्या घोट्याइतकं? सेंटीमीटरमध्ये लिहावे.' उत्तर आलं, 'माझ्या. तुमचा घोटा पाहिला न्हाई. पाहिला की सेंटीमीटर सांगतो.'

भर ऑफिसात तिचे कान गरम झाले होते.

मग शंका वाढल्या. काही खऱ्या, काही... उगीच. महिन्याच्या पाच तारखेला कागद आला नाही की तिचं जेवणात लक्ष लागेना. यंदा नियम बदलला. जागेवर जा, जबाबदार व्यक्तीला समक्ष भेटा. वृषालीनं नवा कुर्ता घेतला. आता तपासणीला कुणी नवा कुर्ता घेतं का? पण तिनं घेतला. आणि साळुबाई सांगते, तो माणूस सहा वर्षांपूर्वीच गेला!

तरी ती निघाली. न निघून करते काय? रात्रीच्या आत अहवाल पाठवायचा होता. कागदावरचा माणूस नाही निघाला, तर राई यादीतून बाद. आणि राईच्या कडेची जागा धरून बसलेले रिसॉर्टवाले त्याचीच वाट बघत होते.

शंभर पावलांत पायवाट धुक्यानं गिळली. पुढं पांढरं, मागंही पांढरं. ती तिथंच उभी राहिली, आणि तेवढ्यात घुंगूर वाजलं. मेंढराच्या गळ्यातलं असतं तसं. जरा थांबलं... परत वाजलं, थोडं पुढं. ती आवाजामागं गेली. ओढ्याच्या काठाला येताच आवाज बंद झाला, आणि समोर हा. पाण्यात उभा, हातात खुणा केलेली काठी.

"घाबरलात?"

"नाही." पण आवाज चिरकला.

"मंग पायांकडं का बघताय?"

"पाणी... पाणी मोजतेय."

"घोट्याइतकं हाय."

अगदी कागदावरचाच शब्द! वृषालीच्या तोंडून शब्द निसटलेच. "कुणाच्या घोट्याइतकं?"

त्यानं मान वर केली. धुक्यात त्याचे डोळे तेवढे लख्ख दिसले. "माझ्या," तो म्हणाला. "तुमचा आज पैल्यांदाच बघतोय."

"तुम्ही... जानकू?"

"कागदावर, व्हय."

"आणि कागदाबाहेर?"

तो पाण्यातून बाहेर आला. पाय सरळ होते! चिखलानं भरलेले, आणि अंगठ्याला एक जळू चिकटलेली. भुताला काही जळू लागत नाही. वृषालीनं एवढा मोठा श्वास सोडला की तो हसलाच.

"दादाभाऊ," तो जळू काढत म्हणाला.

"काय?"

"नाव. जानकू माझा चुलता, तात्या. मी दादाभाऊ."

दोन वर्षं जिवाला घोर लावला आणि नाव काय, तर दादाभाऊ! "दादापण आणि भाऊपण?" ती म्हणाली. "मग एखादीनं हाक तरी काय मारायची?"

"एखादी म्हंजे कोण?"

ती लाल झाली, आणि लाल झाल्याचा राग येऊन भडकली. "मेलेल्या माणसाच्या नावानं लिहीत होता मला? दोन वर्षं! ही फसवणूक आहे, कळतं का?"

दादाभाऊचं हसू मावळलं. "फसवणूक न्हाई ओ. त्या कंपनीच्या साहेबानं वाडीला इचारलं, राखणदार कोण? वाडीनं खरं तेच सांगितलं. आमच्यात राखण माणसाबरूबर जात न्हाई. देवी दुसऱ्याला कौल देईस्तवर गेलेलाच राखणदार. सहा वर्सं मी कौल लावतोय. देवीच्या दगडाला दोनी खांद्यांवर एकेक फूल चिकटवायचं. उजवं पडलं की व्हय, डावं पडलं की न्हाई."

"आणि?"

"पडतच न्हाई. दोनी बी जाग्यावर वाळून जात्यात." त्यानं धुक्याकडं पाहिलं. "राई मी फिरतो, पाणी मी मोजतो. पण जानकू म्हणून. दादाभाऊ म्हणून सही केली तर ते खोटं व्हईल."

वृषालीला हसावं की रडावं कळेना. नियमाप्रमाणं मेलेल्याची सही खोटी. यांच्याप्रमाणं जित्याची खोटी.

तिनं फायलीतून शेवटचा कागद काढला. "हे तरी कशाला लिहिलंत? मी येणार हे मलाच याच्यानंतर आठवड्यानं कळलं. तुम्हाला आधी कसं...?"

त्यानं वाचलं. 'पोरी, येताना धुकं लागंल. भिऊ नगं. घुंगूर वाजंल तिकडं ये –'

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला.

"मी तुमाला पोरी कशाला म्हणीन?" तो अगदी हळू म्हणाला. "शेरा मी रिकामा ठिवला व्हता. कागद एक रात देवीम्होरं ठिवायचा आन् सकाळी फोटू काढून धाडायचा, अशी रीत हाय." त्यानं ओळीच्या शेवटी बोट टेकवलं. तिथं आडवी रेघ होती, लांबलचक. "टिंबाच्या जागी अशी रेघ तात्या मारायचा."

"पण घुंगूर तर वाजलं. मी त्याच्याच मागं आले. मेंढ्या कुठायत?"

"मेंढ्या?" दादाभाऊचा चेहरा पांढराफटक पडला. "तात्याच्या माघारी इकल्या ओ साऱ्या."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग कुणी कुणाचा हात धरला कोण जाणे, पण राईत शिरताना तो धरलेला होता.

आत आवाजच नव्हता. पानावरून थेंब गळत होता, तो पडल्याचाही नाही. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला देवीचा दगड, आणि त्याच्यापुढं एक म्हातारी पालापाचोळा झाडत बसलेली. जानकूची बायको, रतनबाई. दादाभाऊनं तिला सगळं सांगितलं. वृषालीनं तपासणीचा कोरा अर्ज काढला. ज्या नावाची ती दोन वर्षं पाच तारखेला वाट बघायची, त्या नावापुढं तिला स्वतःच्या हातानं 'मयत' लिहायचं होतं.

"काकू, मला लिहावं लागेल," ती म्हणाली. "राई यादीतून गेली तरी. दोन वर्षं मी न बघता सही केली, तेसुद्धा लिहिणार आहे. नोकरी जाईल तर जाईल."

रतनबाईनं केरसुणी खाली ठेवली. "लिव्ह, पोरी. आमच्या कुणाचाबी हात धजला न्हाई. सहा वर्सं त्याला तसाच उभा ठिवला गं आमी... बसू दे आता."

वृषालीनं लिहिलं. 'जानकू – मयत.' अक्षरं डोळ्यांतल्या पाण्यात हलत होती. कागद तिनं दगडापुढं ठेवला. दादाभाऊनं दोन पांढरी फुलं ओली करून दगडाच्या खांद्यांना लावली आणि हात जोडले. वाऱ्याचं नाव नव्हतं. वृषालीनं श्वास धरला.

उजवं फूल पडलं. अलगद, थेट कागदावर.

रतनबाईनं पदर तोंडाला लावला. राईच्या मागच्या अंगाला घुंगूर वाजलं, एकदाच, आणि आवाज डोंगराकडं चढत गेला. तिघांनीही तो ऐकला.

दादाभाऊनं फूल उचलून देवीपुढं ठेवलं आणि सही केली. 'जबाबदार व्यक्ती – दादाभाऊ. आजपासून.'

"झालं?" त्यानं विचारलं.

"एक राहिलं." वृषाली अर्जाच्या तळाशी बघत होती. तपासणाऱ्यानं द्यायचं लेखी होतं ते. 'या जागेशी किंवा येथील कोणत्याही व्यक्तीशी माझा संबंध नाही.' इतकी वर्षं डोळे मिटून खूण केलेली ओळ. आज पेन पुढंच सरकेना.

"काय झालं?"

"इथं खोटं लिहिता येत नाही." तिनं 'नाही' खोडलं आणि वर लिहिलं – 'आहे'. म्हणजे आता तिची तपासणी धरणार नाहीत. ऑफिसातल्या समर्थला परत सगळं बघायला यावं लागणार. पण कागदावर आता खरा माणूस होता, तोवर राई यादीतून जाणार नव्हती.

दादाभाऊनं वाचलं. मग परत वाचलं. "कसला... कसला संबंध?"

"ते विचारलेलं नाही अर्जात."

"मी इचारतोय की."

"राईचा राखणदार काय वाटेल ते विचारतो वाटतं?"

"राखणदाराला राई सोडून लांब ऱ्हाता येत न्हाई," तो एकदम गंभीर होऊन म्हणाला. "पुन्यात तर न्हाईच न्हाई. आधीच सांगतो. मंग म्हणू नका फसवलं."

"लोणीहून सकाळची एसटी असते," वृषाली म्हणाली. "आणि मी जागेवर न येता सही करणं सोडलंय." तिनं मान खाली घातली. "मला तुम्ही आवडता. कागदावरचे आवडत होता, आता हे चिखलाच्या पायांचे जास्त आवडता. झालं समाधान?"

दादाभाऊचे कान लालबुंद झाले. "लई झालं," तो म्हणाला, आणि फाट्यापर्यंत सोडायला येताना त्यानं हात काही सोडला नाही.

अर्जाचा फोटो तिनं फाट्यावरून तेव्हाच पाठवला. त्या महिन्याचा राखणीचा कागद मात्र रीतीप्रमाणं रात्रभर देवीपुढं राहिला.

सकाळी लोणीत, अंगणात दात घासताना वृषालीचा फोन वाजला. कागदाचा फोटो होता. खाली दादाभाऊनं लिहिलं होतं, 'शेरा मी आजबी रिकामाच ठिवला व्हता.'

तिनं बोटांनी फोटो मोठा केला.

'पोर भिली न्हाई. राखण पोचली. आता मी निघतो' आणि पुढं आडवी रेघ, रकान्याच्या पार बाहेर गेलेली.

वृषाली अंगणातच मटकन खाली बसली आणि तोंडाला फेस तसाच ठेवून रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, 'पाणी किती?'

दादाभाऊचं उत्तर लगेच आलं. 'तुमच्या घोट्याइतकं.'