नाव माझं, पत्ता तिचा

कॉम्प्युटरात भूत असतं असं कुणी म्हणालं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. तुम्हीही मला काढा. पण यातलं ऐकीव काहीच नाही. सगळं माझ्या नवऱ्याच्या मशीनवर, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

फेब्रुवारीतला गुरुवार. बिश्केक. दिवेलागणीची वेळ, आणि बाहेर कोळशाचा धूर इतका की समोरची इमारत दिसत नव्हती.

पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

आमचं ऑफिस म्हणजे तळमजल्यावरचा एक जुना फ्लॅट. घाटातला रस्ता उघडा आहे की बर्फाने बंद, हे ड्रायव्हरांना सांगणारा प्रोग्रॅम आम्ही बनवतो. मी नुरझात, माझा नवरा तिलेक आणि आमची ल्युबा. पूर्वी चौथी होती. बेगिमाय. मागच्या हिवाळ्यात तो-आशू घाटात तिची गाडी बर्फावरून घसरली.

गेली बिचारी.

पण तिलेकच्या मशीनवरून काही गेली नाही.

आमची पद्धत अशी, की प्रत्येकाचं काम त्याच्या त्याच्या मशीनवरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, असतं. तिलेककडे सगळ्यांची यादी आहे. त्या नावांना रिमोट म्हणतात. एक नाव, आणि त्याच्यापुढे त्या मशीनचा पत्ता. रोज संध्याकाळी तिलेक फेचची कमांड देतो, की त्याचं मशीन एकेका पत्त्यावर जातं आणि नवं काम घेऊन येतं. मग तो ते वाचतो, नीटनेटकं करतो, एकत्र जोडतो.

यादीत पहिलं नाव अजून बेगिमायचंच होतं.

रोज मशीन आधी तिच्याकडे जायचं. तिचा लॅपटॉप नारिनला, तिच्या आईकडे. बंद पडलेला. मशीन थांबायचं... थांबायचं... आणि शेवटी सांगायचं, सापडत नाही.

तेवढा वेळ तिलेक कीबोर्डवरून हात काढून गप्प बसायचा.

रोज.

माझ्यासाठी या माणसाने कधी लिफ्टसुद्धा थांबवली नाही.

"काढून टाक ना ते नाव," मी म्हणायचे.

"असू दे गं. तुझ्याकडे काय खायला मागतंय?"

दोघांत काही नव्हतं म्हणे. हे मी न विचारताच तो मला सांगायचा.

घरीही तेच. गुरुवारी संध्याकाळी अपा, म्हणजे माझ्या सासूबाई, तेल तापवून बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळतात. मेलेल्यांना खाता येत नाही, त्यांचं पोट त्या तळणीच्या वासाने भरतं. तळून झालं की अपा दुआ मागतात आणि घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. त्यांचं संपलं की तिलेक मान खाली घालून हळूच एक नाव जोडायचा.

बेगिमाय.

एका गुरुवारी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ती आपल्या घरातली कोण लागते?" मी विचारलं.

"केलिन," अपा म्हणाल्या. सासू सुनेला आमच्याकडे अशीच हाक मारते. "वासच तो. चार घरांत जातो तसा तिच्याकडेही जाईल. तुझं काय बिघडलं?"

"तिच्या आईने तळावं मग!"

तिलेकने त्यानंतर ते नाव घेतलं नाही. पण ऑफिसात थांबायचा तो थांबायचाच.

म्हणून एका दुपारी तो खायला सामसा आणायला बाहेर गेला, तेव्हा मी त्याच्या खुर्चीत बसले. एक ओळ लिहिली. एंटर दाबलं. तिचं नाव यादीतून गेलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मेल्यावरही माझ्या नवऱ्याला रोज थांबवून धरते म्हणजे काय?

त्या संध्याकाळी फेच झटक्यात झालं. तिलेक आधी स्क्रीनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

आणि मग... माझं कौतुक सुरू झालं.

"नुरझात, काल काय झकास काम केलंयस! वाचतच राहावंसं वाटलं."

काल मी तापाने पडून होते. लॅपटॉप उघडलाच नव्हता.

पण कौतुक कुणाला नको असतं? वाटलं, आधीचंच काहीतरी वाचलं असेल. मी नुसती हसले. मग तो माझ्यासाठी संत्री आणू लागला. माझ्यासाठी लिफ्ट थांबवू लागला.

"काय गं," ल्युबा डोळा मारून म्हणाली, "नवऱ्याला काय पाजलंस? आम्हालाही सांग!"

मी सुखात होते. खोटं कशाला बोलू?

मग तो गुरुवार आला.

तिलेक फोनवर बोलायला बाहेर गेला होता. ल्युबा त्याच्या मशीनवर माझं काम वाचत बसली होती. मध्येच तिने नाक वर केलं.

"कोण तळतंय?"

मलाही आला... तापल्या तेलाचा वास. आमच्या ऑफिसात गॅस नाही. साधी शेगडीसुद्धा नाही.

"आणि काय गं," ल्युबा म्हणाली, "तू कधीपासून घोडे पाळायला लागलीस?"

मी उठून तिच्या मागे गेले.

बेगिमायची ती खोड होती. कोडच्या प्रत्येक तुकड्याला ती घोड्याचं नाव द्यायची. तिच्या आजोबांचा कळप होता ना. मी वाकून बघितलं. अबलख. कुमैत. पंचकल्याणी. सगळे तिचे घोडे, आणि त्यांच्याखाली नाव माझं.

मी यादी उघडली. बेगिमाय यादीत नव्हती. मी होते. नुरझात, आणि पुढे पत्ता...

ल्युबाचं सूर्यफुलाच्या बिया चघळणं थांबलं. "हा तर बेगिमायचा पत्ता."

मी नारिनला, बेगिमायच्या आईला फोन लावला. "मावशी, बेगिमायचा लॅपटॉप कुणी वापरतंय का?"

"कोण वापरणार बाई? संदुकीत आहे, वर गोधड्यांची चळत. स्क्रीन तर फुटलीय त्याची." मग मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या पोरी आहात म्हणून विचारते... त्या गोधड्या गरम का लागतात गं?"

मी फोन ठेवला. पत्ता दुरुस्त केला. माझा घातला, दोनदा तपासला.

तिलेक आत आला, खुर्चीत बसला, फेच दिलं. मी त्याच्या शेजारीच होते. माझा लॅपटॉप माझ्या मांडीवर, चालू.

मशीन थांबलं...

थांबलं...

नुरझात सापडत नाही.

मी तिलेककडे पाहिलं. त्याचे हात कीबोर्डवरच होते. तो ल्युबाचं काम वाचायलासुद्धा लागला होता.

माझ्यासाठी तो थांबला नाही.

"नेटचा घोळ असेल," तो म्हणाला. "चल, अपा खोळंबल्या असतील."

घरी तळण झालं. मीच झारा धरला होता. अपांनी डोळे मिटले, एकेक नाव घेतलं. सासरे. थोरले दीर. तिलेकची आजी. अपांचं संपलं. तिलेकने मान खाली घातली आणि पूर्वीसारखं हळूच एक नाव जोडलं.

नुरझात.

दुआ संपवून अपांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. कुणीच दचकलं नाही.

"तिलेक... कुणाचं नाव घेतलंस?"

"नेहमीचंच तर," तो म्हणाला आणि बोर्सोक उचलला.

मी एकही खाल्ला नाही. मला भूकच नव्हती. वासानेच पोट गच्च भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी यादीतला पत्ता मी पुन्हा बदलला. माझ्याच हाताने तिचा घातला. काय करणार? तिलेक पुन्हा संत्री आणू लागला, पुन्हा लिफ्ट थांबवू लागला. इतक्या मायेने तो 'नुरझात' म्हणतो, की बाजूचे लोक वळून बघतात. आणि मी जळत राहते, कारण ती हाक कुठल्या पत्त्यावर पोचते ते मला ठाऊक आहे.

हल्ली माझ्या पोटात अन्न ठरत नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. गुरुवारी मात्र अपा तेल तापवतात, तेव्हा मी चुलीजवळून हलत नाही.