पायलचा साचा

जबडे मोजायचे तर मोजणाऱ्याचा हातही तपासावा लागतो. त्यासाठी सहा-सात महिन्यांनी जबड्यांचे जुने प्लास्टरचे साचे काढून पुन्हा मोजायचे, आणि आकडा अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळला पाहिजे. ऑगस्टमधल्या एका दुपारी योगिनी नाशिकच्या डेंटल कॉलेजात तेच करत बसली होती. कोकणा आणि वारली या आदिवासी जमातींतली मुलं आणि शहरातली मुलं, यांच्या जबड्यांची वाढ हा तिच्या प्रबंधाचा विषय.

नऊ साचे जुळले. दहावा पायलचा, पेठजवळच्या आश्रमशाळेतल्या आठ वर्षांच्या मुलीचा, वरच्या जबड्याचा. जानेवारीत दाढांमधलं अंतर साडेबेचाळीस मिलिमीटर होतं. आता चव्वेचाळीसच्याही पुढे.

प्लास्टर वाढत नाही. तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना दिसलं, समोरच्या दाताशेजारी जिथे नुसती हिरडी होती, तिथे एका दाताचं टोक बाहेर आलं होतं.

मुलीलाच तपासावं म्हणून तिने शाळेत फोन लावला. अधीक्षक आधी म्हणाले, पोरगी गावी गेलीय. मग म्हणाले, जूनमध्येच वारली. तीन दिवस ताप होता, दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही.

"तीन दिवस?" योगिनीने विचारलं.

पलीकडून फोन ठेवला गेला होता.

तिचे मार्गदर्शक कासार सर. त्यांच्या तक्त्यात शहरी मुलांच्या रकान्यावर 'सामान्य' आणि उरलेल्या दोन्हींवर 'कमी' असं लिहिलेलं; त्यावरून दोघांचं आधीच वाजलं होतं. सर म्हणाले, साचे बदलले असतील. तिने तळाशी कोरलेलं नाव दाखवलं. मग म्हणाले, जानेवारीचा आकडाच चुकला.

"ती अभ्यासातून गळाली असं लिही आणि साचा टाकून दे. एका पोरीने सरासरी हलत नाही."

"मेलीय ती, सर."

"कीर्तन नको मला."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिच्या पिंपळगावात बुवा कीर्तनाला उभे राहिले, की परक्याच्या मेलेल्या लेकरासाठीही मंडपातल्या बायका पदर डोळ्यांना लावत. आणि हा माणूस हा शब्द असा वापरतो! तिने साचा उचलून आपल्या कपाटात ठेवला आणि पायलच्या बापाला, सहादूला, फोन केला. त्याच्याकडे लेकीचा एक फोटोसुद्धा नव्हता. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने साचा न्यायला आला.

सर दारातच आडवे आले. साचा कॉलेजच्या मालकीचा, असा कुणालाही देता येत नाही. योगिनीने आवाज चढवला तेव्हा ते म्हणाले, मीच मोजतो आणि विषय संपवतो.

त्यांनी मोजायचा कॅलिपर दाढांना लावला. पंचेचाळीस.

पुन्हा लावला. पंचेचाळीस पूर्णांक दोन.

कॅलिपर टेबलावर ठेवून त्यांनी बोटं ॲप्रनला पुसली.

सहादूने कुणालाच विचारलं नाही. दोन्ही हातांत साचा घेतला आणि दातांवरून अंगठा फिरवला.

"ह्यो नवा हाय," तो म्हणाला.

मग त्याने साचा गालाला लावला. तसाच थांबला.

"ताई, हात लावून बघा. लय ताप हाय."

योगिनीने कपाळावर टेकवावा तसा साच्यावर तळवा टेकवला, आणि चटका बसला तरी उचलला नाही.