कावळा लगेच शिवला

सुलक्षणाला जळगावच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. नाही, मिळालं नाही. ती नाहीच, असं घरच्यांनी ठरवलंय, तर आपणही तसंच धरून चालू.

काम होतं मंजुळाबाईंचं. मंजुळाबाई म्हणजे सुलक्षणाच्या वडिलांच्या, सुकदेवआबांच्या, आजोबांची धाकटी बहीण. धुळ्याजवळच्या त्यांच्या गावातून ती नाटक कंपनीत गेली ती कपडे शिवायला. नायिकेचं काम करणाऱ्या पुरुषाला ऐन मुक्कामात गोवर निघाला आणि त्याचंच लुगडं नेसून ही उभी राहिली. पुढे मूकपटांत गाजली. मग बोलपट आले. पडद्यावरची राजकन्या 'मी इथेच आहे' म्हणायचं सोडून अहिराणीत "मी आठेच शे" म्हणाली, थिएटर हसलं, आणि तिला दासीची कामं मिळू लागली. तीही मुकी.

गावाने तोवर तिला केव्हाच उरकलं होतं. ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली, त्याच महिन्यात पांझरेच्या काठी दर्भाचा पुतळा जाळून जितीजागती असताना तिचा दहावा घातला. एरवी कावळे लोकांना ताटकळत ठेवतात. मेलेल्याची इच्छा विचारता विचारता घसे कोरडे पडतात. त्या दिवशी कावळा लगेच शिवला. पुढे ती खरोखर वारली तेव्हा कोणी काही केलं नाही. एका माणसाचा दहावा दोनदा होत नाही.

यंदा जळगावच्या नव्या नाट्यगृहाला तिचं नाव दिलं आणि आबांना नातं आठवलं. फेटा बांधून त्यांनी तसबिरीला हार घातला, गहिवरलेही. पोरगी त्याच रंगमंचावर तिचं काम करणार, हे मात्र त्यांना तिथेच शेजारच्याकडून कळलं.

"ती भिंतवर शोभस," घरी आल्यावर ते म्हणाले. "तू जर उभी राहिनी, तर आम्हले मरेल शे."

सुलक्षणा धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिला हसू आलं. "आधी कावळ्याला विचारा, आबा."

आबांनी विचारलं. स्पर्धेच्या सकाळी भाऊ भूषणने नदीवरचा व्हिडिओ पाठवला. पिंड ठेवून आबांचा हात मागे येतोय, तोवर कावळा. खाली भूषणने अंगठाही टाकला होता. कावळे भुकेले असतात, असं म्हणून सुलक्षणा मेकअपला बसली.

प्रयोगाला लोक उभे राहिले.

परतीच्या एसटीत, सावद्याहून केळी घेऊन निघालेल्या एका बाईने पिशवी सरळ तिच्या मांडीवर ठेवली आणि डुलकी काढली. लोक उद्धट झालेत, सुलक्षणाला वाटलं. कंडक्टरने तिला तिकीट विचारलं नाही. तो फायदाच झाला.

घरी आई, वच्छलाबाई, पानं वाढत होती. तीन.

"आई, पुरे झालं नाटक."

आईने भाकरी मोडली. भिंतीवरच्या नव्या फोटोकडे पाहून पदराने डोळे टिपले. फोटो सुलक्षणाचा होता, ओल्या हाराचा. आणि आईला तर जन्मात एक खोटं धड वठवता आलं नव्हतं.

कॉलेजात हजेरीच्या यंत्राने तिचा अंगठा घेतला नाही. वर्गात पोरं बाई नाहीत म्हणून धिंगाणा घालत होती, तिच्यासमोर.

त्याच नाट्यगृहातल्या पुढच्या प्रयोगाला ती भीतभीतच प्रकाशात गेली. टाळ्या पडल्या. सगळ्यांना दिसत होती.

पडदा पडला. दिवे गेले.

"सुलक्षणा कुठे गेली?" सोबतचे नट तिच्या अंगावरून हाका मारत हिंडले.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच तिच्या कानाशी, विंगेतून, कोणीतरी हळूच म्हणालं, "मी आठेच शे."

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाने नाट्यगृहाच्या कार्यालयात अर्ज ठेवला. शिपायाने त्यावर चहाचा कप ठेवला.

"मा. व्यवस्थापक, मंजुळाबाई रंगमंदिर, यांस सविनय विनंती, की प्रयोग संपल्यावर रंगमंचावरचे दिवे मालवू नयेत. अर्जदारास इतरत्र दिसण्याची सोय उरलेली नाही. सदर जागी पूर्वीपासून वास्तव्यास असलेल्या बाईंची हरकत नाही. त्यांची सही सोबत आहे."