टॅबलेटची झोप

चिमण वेवजीच्या पाड्यावरून जीपने मसोलीच्या बाजारात आला तेव्हा दुपार तापली होती. बरोबर नात रविना होती. तिच्या पिशवीत तिचा टॅबलेट होता. काम साधं होतं. टॅबलेट मध्येच झोपायचा, तो जागा ठेवायचा होता.

दुरुस्तीवाल्या नितीनने तो उलटसुलट करून पाहिला. "बॅटरी एकदम चांगली आहे, आजोबा. त्रास काय देतो?"

"झोपतो."

मग रविनाने नीट सांगितलं. तिची आजी, चिमणची बायको सुकी, धवलेरी होती. भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चौकासमोर गाणी म्हणून लग्न लावायची. पाड्यात दुसरी धवलेरी नाही. आजारपणात आजीने आपली सगळी गाणी या टॅबलेटात भरून ठेवली आणि मग गेली. आता उद्या निलमचं, रविनाच्या थोरल्या बहिणीचं लग्न. गायचं रविनाने. पण एक गाणं तिला पुरं येत नव्हतं. त्यात घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलावतात. ते अर्धं सोडलं तर आलेली माणसं परत जात नाहीत, असं सुकी म्हणायची.

"नावं चालू असतात," रविना म्हणाली, "आणि पडदा काळा होतो. झटकन नाही. वरून कोणी तळवा ठेवावा तसा. मग आवाजही जातो."

"सोपं आहे. कव्हरमध्ये लोहचुंबक असतो. झाकण मिटलं असं वाटलं की हा झोपतो." नितीनने कव्हर काढलं. एक सिनेमाचं गाणं लावलं. ते शेवटपर्यंत वाजलं. "बघा. आता तुमचं लावा."

"ते बाजारात लावायचं नाही," चिमण म्हणाला.

"मग मी तपासू कसं?"

"तू झोप बंद कर. बाकीचं माझं मी बघतो."

नितीन हसला. बराच वेळ बोट फिरवत बसला. "घ्या. बॅटरी संपेपर्यंत आता डोळा मिटणार नाही. तुमच्यासारखाच हट्टी करून दिलाय."

रविना हसली. चिमण हसला नाही.

दिवेलागणीला घरी आले. मांडवात पाहुणे बसले होते. आतल्या खोलीत भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक होता आणि त्यावर कापड टाकलेलं होतं. चिमणने दार लोटलं. रविनाने टॅबलेट मांडीवर घेतला आणि गाणं लावलं.

सुकीचा आवाज आला. बारीक, नाकातून येणारा. बाहेरच्या गप्पा दूर गेल्यासारख्या झाल्या. ताडाची पानं खडखडत होती, तीही थांबली. शुक्रा, चिमणचा बाप. गंगी, त्याची आई. रूपी, पाळण्यातच गेलेली लेक. एकेक नाव सुकी ओढून ओढून घेत होती. खोलीत मशेरीचा वास आला. या घरात मशेरी लावणारं आता कोणी नव्हतं.

ती जागा आली. पडद्याचा उजेड एका कडेने बुजू लागला.

"आजा, राहू दे... आजी नको म्हणते."

"मशीन आहे ते." चिमणने पडद्यावर बोट दाबलं आणि दाबूनच धरलं. काच गार होती. थोड्या वेळाने कोणी हात काढून घ्यावा तसा पडदा उजळला.

गाणं पुढे सरकलं. सुकीने पुढचं नाव घेतलं. सुकी.

रविनाने त्याचा दंड धरला. "आजा... तेव्हा तर आजी जिवंत होती..."

मग एक लांब श्वास ऐकू आला. हा श्वास चिमणच्या ओळखीचा होता. बोलू की नको असं झालं की ती असाच घ्यायची. उभ्या संसारात तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. काम असलं तर 'ऐकलं का' म्हणायची, तेवढंच.

"चिमण," ती गायली.

दिवेलागणीच्या हाकेला ओ देऊ नये, ती मेलेल्याची असते, हे नातींना त्यानेच शिकवलं होतं. त्याने दात आवळले. गाणं पुरं झालं. पडदा जागाच राहिला.

"आलं का ध्यानात?" त्याने विचारलं.

"आलं. पण ते शेवटचं मी नाही म्हणणार."

"गाणं अर्धं सोडायचं नसतं. निलमचं लग्न आहे." तो उठून मांडवात गेला. पाहुण्यांना पाणी विचारलं.

दुसऱ्या दिवशी चौकावरचं कापड काढलं. रविना गायला बसली. चिमण समोर पागोटं बांधून ताठ बसला होता. पोरगी चांगली गायली. शुक्रा, गंगी, रूपी झाली. मग सुकीचं नाव घेतलं. पुढच्या नावापाशी तिने आजाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. नाव गाळलं.

दारात कोणी नव्हतं, कोणी हाकही मारली नव्हती.

चिमणने दाराकडे मान वळवली.

"ओ," तो म्हणाला.